पाखरांची पंगत

गेल्या जानेवारीत आमच्या संडे स्कूलची मुले घेऊन आम्ही सौंसरजवळच्या एका लहान तलावावर गेलो होतो. सहल म्हटली तर सहल आणि पाठ म्हटला तर पाठ. आकाशातील पाखरांकडे लक्ष द्यावे असे आपल्या प्रभूने सांगितले आहे. तेव्हा मुलांना एकदा खरोखरच पाखरांकडे पाहू द्यावे, एवढाच बेत होता. बरोबर डबे होते, आणि मंडळीतील एका बंधूने आपल्या बागेतून दिलेली संत्र्यांची टोपली होती. पावसाळ्यात काठोकाठ भरणारा हा तलाव गहू-हरभऱ्याला पाणी देऊन जानेवारीपर्यंत बराच उतरतो. मग काठाला ओल्या चिखलाचा एक रुंद पट्टा उघडा पडतो, आणि त्या पट्ट्यावर सकाळपासून पाखरांची गर्दी असते.

मुलांनी पाखरे मोजली, नावे विचारली. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या आम्ही दाखविला. गळ्यात काळा पट्टा असलेला चिखल्या दाखविला. ठिपक्यांचा तुतवार आणि चिमणीएवढा टिलवा दाखविला. टिटवी दाखवावी लागली नाही, ती सर्वांच्या ओळखीचीच. "पाहा, ही सगळी वेगवेगळ्या जातींची पाखरे आहेत," असे आम्ही सहज बोलून गेलो. तेव्हा सर्वांच्या मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, यायच्या जाती येगळ्या हायेत, मंग यायले एका जागी बसू कोन देते?"

मुले हसली. आम्हांला हसू आले नाही. ही मुलगी आमच्याकडे नवीनच येऊ लागली होती. तिचे आईबाप संत्र्याच्या तोडणीसाठी वरच्या डोंगराकडून आलेले. दुसऱ्या एखाद्या मुलाने विचारले असते, "ती एकत्र का बसतात?" हिने विचारले, "बसू कोण देते?" दोन प्रश्नांत फार अंतर आहे. पहिला प्रश्न पाखरांविषयी आहे, दुसरा आपल्याविषयी. आम्ही तिला म्हणालो, "पुढच्या रविवारी सांगू." मास्तरला उत्तर येत नसले म्हणजे तो असेच म्हणतो, हे मुलांना ठाऊक असते.

पुढचा आठवडाभर आम्ही या प्रश्नाच्या मागे होतो. जे हाती लागले ते वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पहिला प्रश्न घेऊ. ही पाखरे एकत्र का येतात?

त्या चिखलावर बसलेल्यांची घरे एकमेकांपासून फार दूर आहेत. टिटवी इथलीच, आपल्याच माळावर उघड्यावर चार अंडी घालते, आणि ती उंचवट्यावर घातली तर यंदा पाऊस चांगला, असे आपले शेतकरी म्हणतात. टिलव्याचे तसे नाही. त्याचे वजन अडीच-तीन तोळे, पण त्याची वीण होते ती युरोप-आशियाच्या अगदी उत्तर टोकाला, जेथे झाड म्हणून उगवत नाही अशा ओसाड प्रदेशात. ठिपक्यांचा तुतवार उत्तर युरोप व सायबेरियाच्या दलदलीत घरटे करतो. तिकडे बर्फ पडू लागले की हे इवले जीव हजारो मैल उडून सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या तळ्यांवर येतात आणि होळीनंतर हळूहळू परततात. त्यांची वीण वेगळी, आवाज वेगळे, चाल वेगळी. तरी हिवाळ्याचे चार महिने काठ एकच.

जाणकार सांगतात की याचे पहिले कारण चोचीत आहे. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो चार पावले धावतो, थबकतो, वर दिसलेला किडा टिपतो. टिलवा चिखलाच्या पृष्ठावरून भराभरा वेचीत जातो. तुतवाराची चोच त्याहून लांब. तो उथळ पाण्यात आणि मऊ गाळात चोच घालतो. शेकाट्याला देवाने काठ्यांसारखे पाय दिले आहेत, म्हणून इतरांना जाता येत नाही अशा पाण्यात तो उभा राहून जेवतो. म्हणजे काठ एक असला तरी ताटे वेगवेगळी आहेत. एकाच्या पोटात जाणारा घास दुसऱ्याच्या तोंडचा असतोच असे नाही. उलट स्वतःच्याच जातीच्या सोबत्याशी खाण्यासाठी जितकी स्पर्धा होते, तितकी परक्या जातीच्या शेजाऱ्याशी होत नाही. सख्ख्या भावांत धुऱ्यावरून कोर्टकचेरी चालते आणि शेजारच्या कुंभाराशी आपले काहीच भांडण नसते, तसेच हे.

याला मर्यादा आहेत, त्याही सांगावयास हव्यात. पायांची चाहूल लागताच बिळात शिरणारे भक्ष्य असेल, तर काठावरची पाखरे एकमेकांपासून दूर पांगून चरतात. गर्दी केली तर सर्वांचाच उपास घडेल. आणि काही पाखरे मुळातच एकांडी. शेपटी सतत खालीवर हलविणारा सामान्य तुतवार आपल्या नदीकाठी बहुधा एकटाच दिसतो. म्हणून सर्व पाखरे सदा प्रेमाने एकत्र नांदतात असे मुलांना शिकवू नये. ते खरे नाही, आणि खोट्या दाखल्यावर उभा केलेला पाठ फार दिवस टिकत नाही.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते म्हणजे भय. पाणथळीवर बहिरी ससाणा येतो, शिक्रा येतो, दलदलीवरून खाली खाली तरंगत जाणारा भोवत्या येतो. चिखलावर लपावयास झुडूप नाही. मान खाली घालून खावे तर ससाणा दिसत नाही. मान वर करून पाहावे तर पोट भरत नाही. एकट्या पाखराची ही अडचण केवढी असेल याचा विचार करा. पण शंभर पाखरे एकत्र असली म्हणजे कोणत्याही क्षणी दहा-वीस माना वर असतात. १९७३ साली रोनाल्ड पुलियम या अमेरिकन शास्त्रज्ञाने गणिताने मांडून दाखविले की, थवा जसजसा मोठा होतो तसतसे ससाणा कोणाच्या तरी दृष्टीस पडण्याचा संभव वाढतो, आणि म्हणून प्रत्येकाला मान वर करण्यात कमी वेळ घालविला तरी चालतो. शिवाय, ससाणा आलाच तर तो एकालाच नेणार. एकटे असाल तर ते 'एक' तुम्हीच. शंभरांत असाल तर शंभरांतून एक. आणि सारा थवा एकदम उठून वळू लागला म्हणजे शिकाऱ्याची नजर कोणा एकावर ठरत नाही.

या पहाऱ्याच्या कामी परजातीचा उपयोग अधिक होतो. सगळ्यांचे डोळे आणि कान सारखे नसतात. टिटवीला माणसाची किंवा कोल्ह्याची चाहूल फार लवकर लागते, आणि ती लागली की सारे रान उठविल्याशिवाय ती राहत नाही. पूर्वीच्या शिकाऱ्यांना टिटवीचा मोठा राग येई; कारण जनावर टप्प्यात यावे आणि नेमकी हिने बोंब मारावी. गावाकडे रात्री टिटवी ओरडली तर अपशकुन मानतात. पण चिखलावरच्या टिलव्याला विचारले तर तो वेगळेच सांगेल. टिटवीची भाषा त्याची नव्हे. तो सायबेरियाकडचा, ती सौंसरची. तरी तिच्या ओरडण्याचा अर्थ त्याला कळतो, आणि ती उडाली की तोही उडतो.

इथपर्यंत आमचे वाचन झाले, आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या मंडळीच्या एका वडिलांना आम्ही हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग यात भलेपणा कुठे आला? प्रत्येक जण आपला जीव वाचवावयास दुसऱ्याच्या आडोशाला उभा. याला सहभागिता म्हणायचे का?"

आक्षेप साधा नाही. शास्त्रज्ञांनीही तो जणू मान्यच केला आहे. १९७१ साली विल्यम हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला आणि त्यात 'स्वार्थी कळपा'ची कल्पना मांडली. त्याने दृष्टान्त घेतला तो तळ्याचा आणि बेडकांचा. गोल तळ्यात एक साप आहे. तो बाहेर आला की जवळात जवळ असलेला बेडूक गिळणार. मग प्रत्येक बेडूक दुसऱ्या दोघांच्या मध्ये उडी मारू पाहतो. कोणाचे कोणावर प्रेम नाही, तरी थोड्या वेळात सगळ्यांचा एक ढीग होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, केवढी ही एकी!

आपल्या पुष्कळशा एक्या अशाच ढिगाच्या असतात, हे प्रामाणिकपणे कबूल करावयास हवे. साथ आली की गल्ली एक होते. पूर आला की दोन्ही वाड्यांची माणसे एकाच शाळेत झोपतात. पाणी ओसरते तशी एकीही ओसरते. तेव्हा वडिलांचा प्रश्न आम्ही टाळू शकत नाही: गरजेपोटी झालेल्या सोबतीला नैतिक मोल आहे की नाही?

आम्हांला वाटते, आहे. पण ते पहिल्या पायरीचे आहे. गरज ही लाजण्याची गोष्ट नव्हे. माणसाने एकटे असणे बरे नव्हे, हे देवाने पापाचा प्रवेश होण्यापूर्वीच पाहिले. दुसऱ्याची गरज भासणे हे आपले वैगुण्य नसून आपली घडणच आहे. जो म्हणतो, मी कोणाच्या गरजेपोटी नव्हे, केवळ प्रेमापोटी तुमच्याकडे येतो, त्याच्या प्रेमात पुष्कळदा उपकाराची भावना असते. तुतवार टिटवीवर उपकार करावयास येत नाही. तिच्या डोळ्यांची त्याला गरज आहे, आणि त्याच्या संख्येचा तिला उपयोग आहे. दोघांचीही मान ताठ राहते. मंडळीतील पुष्कळ दानधर्मापेक्षा हा व्यवहार अधिक सभ्य आहे.

इतकेच नव्हे, या सोबतीत थोडा तोटा सोसण्याचाही भाग असतो. इंग्लंडात हिवाळ्यात कुरणांवर टिटवीच्या जातीचे पक्षी, सोनेरी चिखले आणि काळ्या डोक्याचे कुरव एकत्र चरतात. ख्रिस बर्नार्ड आणि डेस थॉम्पसन या दोघांनी त्यांचा अभ्यास करून १९८५ साली एक पुस्तकच लिहिले. कुरव हा उघड उघड चोर. टिटवीने महत्प्रयासाने जमिनीतून ओढून काढलेले गांडूळ तो झडप घालून पळवितो. पण कुरव आसपास असले म्हणजे संकटाची चाहूल लवकर लागते. म्हणजे कळपाला नको असलेला शेजारीही काही देऊन जातो. त्याचे घेणे आपल्याला लगेच दिसते. त्याचे देणे शांतपणे हिशेब केल्यावरच दिसते. आपल्या मंडळीत, आपल्या आळीत, असा एखादा तरी 'कुरव' असतो की ज्याच्याविषयी आपण फक्त अर्धाच हिशेब मांडलेला असतो.

एवढे म्हटल्यावर पाखरांच्या पंगतीची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ती फारशी कोणी सांगत नाही, आणि मुलीच्या प्रश्नाशी तिचा संबंध अधिक आहे.

थव्याला मध्य असतो आणि कडा असते. मध्यावरचे पाखरू निर्धास्त खाते. त्याच्या चारी बाजूंना दुसऱ्यांची शरीरे आहेत. कडेच्या पाखराला तसे नाही. त्याला वारंवार मान वर करावी लागते, म्हणून त्याचे खाणे कमी होते. आणि धोकाही त्यालाच अधिक. स्कॉटलंडच्या समुद्रकाठी लाल पायांच्या तुतवारांचा जॉन क्विन व विल क्रेसवेल यांनी अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसून आले की ससाणा कोणावरही झेप घालीत नाही. जे पाखरू आपल्या सोबत्यांपासून अधिक अंतरावर उभे आहे त्यालाच तो हेरतो. म्हणजे थवा सर्वांचे रक्षण करतो हे खरे, पण सारखे करीत नाही. कोणी तरी कडेला असतो, आणि मध्यावरच्यांची निश्चिंती काही अंशी त्याच्या जिवावर असते.

हे वाचले तेव्हा आम्हांला तलावावरची दुपार आठवली. डबे उघडले तेव्हा मुलांनी आपापली कोंडाळी केली. रेल्वेत नोकरी करणाऱ्यांची मुले एकीकडे, शिक्षकांची एकीकडे, गावातल्या जुन्या ख्रिस्ती घरांची एकीकडे. तिखट-मीठ, लोणचे, पुरी यांची देवघेव चालली. ती मुलगी मात्र बांधाच्या दगडावर एकटी बसून फडक्यातली भाकर खात होती. आम्ही ते पाहिले. मनात म्हणालो, "लाजाळू आहे, होईल हळूहळू ओळख." आणि संत्री वाटावयास उठलो. संत्रे तिलाही दिले; किंबहुना दोन दिली. मग ती आम्हांला विचारते, एका जागी बसू कोण देते, आणि आम्ही म्हणतो, पुढच्या रविवारी सांगू! उत्तर त्या वेळी आमच्या हातात होते. डबा घेऊन बांधावर जाऊन बसावे, एवढेच ते उत्तर होते. तिला कडेला कोणी ढकलले नव्हते. फक्त कोणी सरकून जागा केली नव्हती. या दोहोंत फार मोठे अंतर आहे असे आम्ही आजवर समजत आलो होतो.

कडेची जागा काय असते हे खरे तर आम्हां या भागातील लोकांना चांगले कळावयास हवे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा-सौंसरची मराठी माणसे तेव्हापासून मराठीच्याही कडेला आणि हिंदीच्याही कडेला. मुले शाळेत हिंदी लिहितात, घरी मराठी बोलतात, उपासनेत मराठी गीते म्हणतात. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. पण 'तुम्ही नक्की कुठले?' हा प्रश्न नागपुरातही विचारला जातो आणि भोपाळातही. कडेला उभे राहण्याचा इतका अनुभव असलेल्यांनी दुसऱ्याला कडेला उभे करू नये, अशी अपेक्षा. पण मनुष्याचा स्वभाव असा की, कडेवरचा मनुष्य आपल्याही पलीकडे कोणी तरी असावा असे पाहतो.

आमच्याच भागातील दुसरी एक गोष्ट साऱ्या देशाला ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्ण्याची माणसे, दुसऱ्या काठावर सावरगावची. आणि मध्ये दगडांचा पाऊस. मागे कधी एका गावचा मुलगा दुसऱ्या गावची मुलगी घेऊन पळाला आणि नदीच्या मध्यावर दोघे दगडांत सापडले, अशी कथा सांगतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात; आजवर कित्येकांचे प्राण गेले. सरकारने बंदी घातली, दगडांऐवजी चेंडू देऊन पाहिले. प्रथा सुटली नाही. कोणाच्या श्रद्धेची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही फक्त एवढेच पाहतो की, या दोन काठांवरची माणसे वर्षाचे बाकीचे दिवस एकाच बाजारात भाजी घेतात, एकमेकांच्या घरी सोयरिकी करतात, एकाच दवाखान्यात रांग धरतात. त्यांच्यात भेद कसला, तर नदीच्या कोणत्या बाजूला जन्म झाला एवढाच. आणि त्याच पात्रात, दिवाळीनंतर पाणी उतरले की, टिटवी आणि तुतवार एकाच ओल्या पट्ट्यावर चरताना आम्ही कितीदा तरी पाहिले आहेत.

तेव्हा "पाखरे जात विसरून एकत्र येतात, मग माणसांनी का येऊ नये?" असे म्हणावे का? हा दाखला ऐकावयास गोड आहे, आणि संडे स्कूलच्या पाठाला सोयीचाही आहे. पण तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्या भाषेत 'जात' हा एकच शब्द आपण दोन अगदी निराळ्या गोष्टींना लावतो. पाखरांची जात खरी आहे. टिटवी आणि टिलवा यांचे घरटे एक होत नाही, पिल्ले एक होत नाहीत. ती जात ती विसरत नाहीत. काठावरही टिटवी टिटवीच राहते आणि उन्हाळा आला की टिलवा आपल्या वाटेने उत्तरेला जातो. माणसाची जात तशी नाही. सर्व मनुष्यमात्राची जात, त्या अर्थाने, एकच आहे. सगळ्यांचे रक्त एक, सगळ्यांची वीण एक, सगळ्यांचा उत्पन्नकर्ता एक. मनुष्यामनुष्यांत आपण ज्याला जात म्हणतो ती चोचीसारखी जन्माबरोबर येत नाही. ती पंगतीत बसताना शिकविली जाते. तेव्हा पाखरांचे उदाहरण आपल्याला उत्तेजन देणारे नसून लाजविणारे आहे. त्यांच्या जाती खरोखर वेगळ्या, आणि ती एका काठावर बसतात. आपली जात एक, आणि आपण वेगवेगळी कोंडाळी करतो. त्या मुलीने नकळत हाच घोळ पकडला होता. पाखरांना एकत्र बसू कोणी देत नाही. कारण तो चिखल कोणी आपला म्हणत नाही, आणि अडविणारा कोणी नाही. 'बसू देणे' हा शब्दच मुळी माणसांचा आहे.

यावर कोणी म्हणेल, "मग सर्वांनी एकसारखे व्हावे काय?" तसे आमचे म्हणणे नाही. टिलव्याने शेकाट्यासारखे लांब पाय मागू नयेत. येथे एक जवळचेच उदाहरण घेता येईल. आमच्यापासून दोनएक तासांच्या वाटेवर, नागपूरला, २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. त्यांत अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेची संयुक्त मंडळी होती, बाप्तिस्त होते, ब्रदरन होते, डिसायपल्स होते आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. कोणी लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे, तर कोणी प्रौढपणी विश्वास कबूल केल्याशिवाय न देणारे. या एका गोष्टीवरून युरोपात एके काळी माणसे जिवे मारली गेली होती. येथे मात्र दोन्ही रीती मान्य ठेवून एकत्र बसण्याचे ठरले. कोणाची चोच कापली नाही. सगळे आले असेही नाही. दक्षिण आशियाची मेथडिस्ट मंडळी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली, आणि आमच्या छिंदवाड्याची लूथरन मंडळीही त्या ऐक्यात नाही. पाखरांतही सगळी एका थव्यात येत नाहीत, हे आपण पाहिलेच. त्यात दोष देण्याजोगे काही नाही. पण ज्या मंडळ्या एक झाल्या आणि ज्या झाल्या नाहीत, त्या सर्वांनाच हा प्रश्न आहे की, मतांचा भेद सोसून एका बाकावर बसणारे आपण, घराण्याचा आणि जुन्या जातीचा भेद सोसून एका पंगतीत बसतो का? प्रभुभोजनाचा प्याला एक, आणि लग्नाच्या जेवणाची पंगत वेगळी, असे आपल्याकडे कोठे घडत नाही ना? सोयरीक ठरविताना आपण कोणते नाव हळूच विचारतो? याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या घरी द्यावे.

मग वडिलांच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे झाले. पाखरांची सोबत गरजेची आहे, आणि ती तिच्या जागी चांगली आहे. पाखराला कडेच्या सोबत्याचा विचार करता येत नाही. त्याचा त्याला दोषही नाही. मनुष्याची सहभागिता सुरू होते ती मात्र तेथे, जेथे मध्यावर बसलेला कोणी उठतो आणि आपण होऊन कडेला जाऊन बसतो. टिलवा असे कधी करणार नाही. आपल्याला ते करता येते, इतकाच आपल्यात आणि त्याच्यात फरक. आणि आपण ते केले नाही तर तेवढाही फरक उरत नाही. नव्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या मागे जाणारा मेंढपाळ कोणत्याही कळपाच्या गणितात बसत नाही. म्हणूनच तो आपल्याला माहीत असूनही अनोळखी वाटतो.

रविवारी आम्ही तयारी करून संडे स्कूलला गेलो. चोचींची चित्रे काढून नेली होती. ती मुलगी आली नव्हती. त्या बागेतील तोड संपली आणि कुटुंब पुढच्या कामावर निघून गेले, असे कळले. कोठे, ते कोणाला सांगता आले नाही. आठ दिवस खपून तयार केलेले उत्तर आम्ही बाकीच्या मुलांना दिले. त्यांनी ते चांगले ऐकले. पण प्रश्न त्यांचा नव्हता.

आमच्या संडे स्कूलच्या शिक्षक बंधुभगिनींना आम्ही त्या दिवसापासून एकच सूचना करीत आलो आहोत, आणि ती या पानावरून सर्वांना करतो. वर्गात शिरल्यावर हजेरी घेण्यापूर्वी एकदा पाहावे, कडेला कोण बसले आहे. त्याला पुढे बोलावू नये. सगळ्यांच्या देखत पुढे येणे हीही एक शिक्षाच असते. आपली खुर्ची उचलून त्याच्या शेजारी न्यावी आणि पाठ तेथून सुरू करावा. वर्गाचा मध्य मग आपोआप तिकडे सरकतो. आम्ही हे करून पाहिले आहे.

मार्चच्या शेवटी तलावावरचे टिलवे उडून गेले. थंडी पडू लागली की ते पुन्हा येतील. त्यांची जागा कोणी राखून ठेवीत नाही, कारण ती कोणी अडवितही नाही. संत्र्याच्या तोडणीला माणसेही येतील. त्यांत ती मुलगी असेल की नाही, सांगता येत नाही. तिच्यासारखी दुसरी कोणी असेल, हे मात्र नक्की. तिने विचारण्यापूर्वी जागा झालेली असावी, अशी प्रार्थना आहे.